पॅनेलवरचा आकडा

८ जुलै २०२४
हँगर, तापीकाठ

भोसरीत हे पॅनेल जे कुणी तपासतं त्यांना,

सलाम. तुमचं नाव मला माहीत नाही. 'पास'च्या स्टिकरवर हिरव्या पेनाने 'वि. शि.' एवढंच असतं, त्यावरून बाई की बाबा तेही कळत नाही. मी उझ्मा. इथल्या फ्लाइंग स्कूलमध्ये विमानांचे रेडिओ बसवायचे, काढायचे, दुरुस्त करायचे हे माझं काम. हे पॅनेल याआधीही तुमच्याकडे येऊन गेलंय. दर वेळी ऑफिसच्या फॉर्मवर तक्रार लिहिली आणि दर वेळी 'दोष आढळला नाही' असा शिक्का घेऊन ते परत आलं. म्हणून आता फॉर्म बाजूला ठेवला आणि माणसाला लिहितेय. खोक्यातला फोम उचलल्याशिवाय हा कागद दिसणार नाही, आणि फोम उचलतो तो तपासणारा, साहेब नव्हे.

तक्रार साधी आहे. रेडिओ असतो आत, मागच्या बाजूला. वैमानिकापुढे असतं फक्त तुमचं पॅनेल. त्याने बटण फिरवलं की पॅनेल तारेतून रेडिओला हुकूम पाठवतं, अमुक आकड्यावर जा. बोलायचा रेडिओ असो की वाट दाखवणारा, दोघांना तसंच. पण मधूनच कधीतरी पॅनेलवर नवा आकडा येतो आणि रेडिओ मात्र जुन्यावरच ठाण मांडून बसतो. वर शिकणारं एकटं पोर असेल तर ते बोलत राहणार आणि ऐकायला कुणी नाही. दर वेळी होत नाही, हीच तर पंचाईत आहे.

आणखी एक. माझं माहेर भोसरीचंच, लांडेवाडीतलं. खोक्यावर 'भोसरी' वाचलं की त्या अक्षरांवरून बोट फिरवते. तिथे हनीफ मिस्त्रींचं टू-व्हीलरचं गॅरेज होतं, ते माझे अब्बा. अब्बा आता नाहीत. गॅरेजच्या जागी काय आहे, जमलं तर बघून सांगा.

उझ्मा


२२ जुलै २०२४
भोसरी

उझ्माबाई,

बाईच आहे हो मी! विजयश्री शिनगारे. मूळची अंबाजोगाईकडची, आता मोशीत राहते. नवरा समाधान चाकणला गाड्यांच्या कंपनीत शिफ्टला, मी इथे. तो येतो तेव्हा मी निघते, संसार आमचा जिन्यातच होतो.

फोम उचलला, कागद दिसला आणि आधी मागे कुणी बघतंय का ते पाहिलं. वाटलं, कुणीतरी माझी तक्रार केली. मग वाचलं आणि आधी राग आला. माझ्या टेबलावरून गेलेला माल खराब म्हणता म्हणजे काय? प्रत्येक पॅनेल मी स्वतः तपासते. मग दुसऱ्यांदा वाचलं आणि राग गेला, कारण तुम्ही 'तुमचा माल भंगार' असं लिहिलेलं नाही, काय होतं ते लिहिलंय. असं लिहिणारं माणूस आम्हाला भेटत नाही.

इथली रीत सांगते. बबनराव आमचे मालक. त्यांच्या कांद्याच्या वावरातच हा शेड उभा आहे. माणूस वाईट नाही, पण मनात नेहमी धास्ती. मोबाइल गेटवर जमा करायचा. कस्टमरशी बोलायचं ते फक्त ऑफिसनं. मी तुम्हाला फोन केला असं कळलं तर माझं काही खरं नाही. म्हणून तुमचीच वाट धरते, फोमखालची.

माझ्या टेबलावर खरा रेडिओ नाहीच. त्याच्या जागी एक कॉम्प्युटर आहे, तो रेडिओचं सोंग करतो. पॅनेलने हुकूम पाठवला, डॉलरच्या चिन्हाने सुरू होणारी एक ओळ, त्यात आकडा, शेवटी अक्षरांची बेरीज म्हणजे वाटेत काही सांडलं तर कळावं. कॉम्प्युटर म्हणतो, मिळालं. मी म्हणते, पास. हे पॅनेल मी दिवसभर फिरवत बसले, एकदाही चुकलं नाही. आता मी काय करू सांगा? ते नेमकं कधी होतं, त्या वेळी पोरांचे हात कुठे असतात, काय चालू असतं, तेवढं बारकाईनं बघाल का?

गॅरेजच्या जागी मोबाइलच्या कव्हरचं दुकान आहे. पण बाजूच्या भिंतीवर निळ्या रंगात 'हनीफ पंक्चर' अजून दिसतं. त्यावर कुणीतरी क्लासची जाहिरात चिकटवली होती, ती मी नखाने काढली. दुकानदार बघत राहिला, बघू दे.

विजयश्री

ता. क. मला 'तू' म्हण. मीही म्हणणार आहे.


२७ ऑगस्ट २०२४
हँगर

विजयश्रीताई,

भिंतीचं वाचून मी हँगरच्या मागे जाऊन रडून आले. 'हनीफ'मधला 'ह' अब्बांनी वाकडा काढला होता, तो बघितलास का? असो.

तू विचारलंस ते सापडलं! मला नाही, वर्षालीला. ही आमच्याकडची विद्यार्थिनी, पावसामुळे विमानं जमिनीवर, म्हणून माझ्याजवळ येऊन बसते. तुमच्याकडचीच गं, सांगवीची. बापाविना वाढलेली, आई पिंपरीत नर्स आहे. पोरगी एकदम बडबडी. माझ्या डब्यातला खिमा खाते आणि वर म्हणते, "आईला सांगू नका हं, उझ्मादीदी."

तर आम्ही दोघी इंजिन बंद, वीज चालू अशा विमानात बसून बटणं फिरवत होतो. ती बोलायचं बटण दाबून वैमानिकासारखं बोलायची हौस भागवत होती, आणि बोलता बोलताच तिने आकडा बदलला. पॅनेलवर नवा आला, पण मागे रेडिओला लावलेल्या माझ्या मीटरवर जुनाच. मी म्हटलं, "परत कर." तिने बोलायचं बटण सोडून केलं, तर बरोबर लागला. बटण दाबून धरून केलं, तर नाही लागला. म्हणजे रेडिओ बोलत असताना त्याला हुकूम दिला तर तो ऐकत नाही, सोडून देतो. त्याचं बरोबरच आहे, बोलणाऱ्याचं लक्ष कसं असणार? पण ताई, मग पॅनेलला कसं कळत नाही की याने ऐकलं नाही?

आमच्यात एक शिस्त आहे. खालून कुणी वैमानिकाला काही सांगितलं तर त्याने नुसतं 'हो' म्हणायचं नाही. ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं उलट म्हणून दाखवायचं. तो म्हणेपर्यंत सांगणाऱ्याने सांगितलं असं धरायचं नाही. वर्षालीला ही सवय इतकी लागलीय की मी "डबा धुऊन ठेव" म्हटलं तरी म्हणते, "डबा धुऊन ठेवते, वर्षाली." हसून हसून पुरेवाट होते माझी.

पाऊस सरला की ही पोरं एकटी उडायला लागतील. त्याआधी काहीतरी कर.

तुझी,
उझ्मा


२३ सप्टेंबर २०२४
भोसरी

उझ्मा,

तुझं वाक्य उलट म्हणते: पोरं एकटी उडण्याआधी काहीतरी कर. ऐकलं गं बाई. पण काय करू ते ऐक.

पॅनेलचा प्रोग्रॅम प्रज्वलने लिहिला होता, आमच्याकडचा इंजिनिअर. तो आता हिंजवडीला गेलाय. गणपतीत त्याच्या घरी आरतीच्या निमित्ताने गेले आणि कोपऱ्यात धरलं. म्हटलं, "प्रज्वल, रेडिओ उत्तर पाठवतो ना रे? पॅनेल ते वाचतं की नाही?" तर हा मोदक खाता खाता थांबला. म्हणाला, "ताई, ते राहिलंच. तेव्हा खरा रेडिओ नव्हता हातात. मी पॅनेल बनवलं आणि मीच रेडिओचं सोंग बनवलं. सोंग नेहमी ऐकायचंच, मग उत्तर वाचायची गरजच पडली नाही." म्हणजे पेपर यानेच काढला आणि यानेच सोडवला, मग पैकीच्या पैकी मार्क पडणारच की! पॅनेल आपण पाठवलेला आकडा दाखवतं, रेडिओने घेतलेला नाही. मी म्हटलं, "मग दुरुस्त करून दे." तर म्हणतो नव्या कंपनीशी करार आहे, बाहेरचं काम केलं तर घरी बसवतील. आणि इथून जाताना त्याचा लॅपटॉप पुसून घेतला होता. मूळ प्रोग्रॅम कुठेच नाही. कुणाचा राग करायचा मी? पोरगा रडवेला झाला होता.

मग बबनरावांकडे गेले. सगळं सांगितलं, फक्त तुझं नाव सोडून. ते म्हणाले, "व्हय गं, पर टेबलावर तर पास हुतंय न्हवं?" म्हटलं, टेबलावर खोटा रेडिओ आहे. "आन् दुसऱ्या गिऱ्हाइकांची वरड हाय का?" म्हटलं, नाही. "मग आपुन आपल्याच तोंडानं म्हनायचं का, माल खराब हाय? समदा माल परत यील, शेडला कुलूप लागंल. तुमी समदे कुटं जाशीला?" मी मागे वळून बघितलं. माझ्यामागे पंधरा-वीस बायका वायरी जोडत बसल्या होत्या. त्यांनीही ऐकलं.

शेवटी म्हणाले, नव्या वर्षात बाहेरच्या माणसाकडून प्रोग्रॅम नवा लिहून घेऊ. मी तो शब्द धरून ठेवलाय.

तोवर माझ्या अकलेने जमलं तेवढं केलंय. खोक्यात लहान स्टिकर ठेवलेत, माझ्याच हातचे: 'बोलायचं बटण सोडा, मग आकडा बदला. उत्तर ऐकू येईपर्यंत आकड्यावर विश्वास नको.' प्रत्येक विमानात पॅनेलच्या खाली चिकटव. 'ह' पाहिला, खरंच वाकडा आहे.

विजयश्री


४ नोव्हेंबर २०२४
हँगर

ताई,

फराळ पोचला! शंकरपाळ्यांचा फोममध्ये चुरा झाला होता, पॅनेलच्या मागच्या स्क्रूंमधूनही निघाला. वर्षालीने चमच्याने खाल्ला, म्हणाली, "एवढं गोड पॅनेल पहिल्यांदाच बघितलं."

स्टिकर चिकटवले होते. आमचे कॅप्टन साहेब तपासणीला आले आणि एकेक सोलून काढले. "ही काय रिक्षा आहे? विमानात अशा चिठ्ठ्या चिकटवायच्या नसतात. कंपनीचं अधिकृत पत्र असेल तर दाखव." मी कुठलं दाखवू? तुझं पत्र दाखवलं तर तू रस्त्यावर. मी म्हटलं, "सर, दोष आहे, मी स्वतः करून दाखवते." त्यांनी वेळ दिला, त्यांच्यासमोर बसले, बटण दाबून आकडा बदलला, आणि मेलं ते नेमकं बरोबर लागलं! दाबायला क्षणभर उशीर झाला असेल माझा. ते हसले नाहीत, उलट समजुतीनं म्हणाले, "उझ्मा, पॅनेल पासचा कागद घेऊन येतं. आपण कागदावर चालतो." ते जोरात ओरडले असते तर बरं झालं असतं, मला भांडता तरी आलं असतं.

आता मी एकेका पोराला तोंडी सांगते. बटण सोड, मग बदल, उत्तर नाही आलं तर पॅनेल एकदा बंद करून चालू कर. चालू होताना ते सगळे आकडे रेडिओला नव्याने पाठवतं, मग जुळतं. पोरं मान डोलावतात. पण त्यांना वाऱ्याचं, वेगाचं, उंचीचं इतकं काही लक्षात ठेवायचं असतं, त्यात माझं कुठे राहणार? मी काही त्यांची शिक्षिका नाही.

वर्षालीला मात्र सगळं पाठ आहे. तिचं एकटीचं पहिलं उड्डाण छान झालं. उतरल्यावर तिच्या डोक्यावर बादलीभर पाणी ओतायची इथे पद्धत आहे, ते मी ओतलं. तिच्या आईला व्हिडिओ पाठवला.

उझ्मा


१२ डिसेंबर २०२४
भोसरी

उझ्मा, घाईत लिहितेय, कुरिअरवाला दारात उभा आहे.

आनंदाची बातमी! बबनराव कुणाशी तरी बोललेत. जानेवारीत नवा प्रोग्रॅम येणार, खरा रेडिओसुद्धा भाड्याने आणणार. माझ्या टेबलावर खरा रेडिओ! मी समाधानला सांगितलं तर म्हणाला, "लग्नात एवढी खूश नव्हतीस." म्हणजे थोडेच दिवस राहिले बघ. तेवढं सांभाळ. पुढच्या ईदला तू इकडे ये, लांडेवाडीच्या भिंतीसमोर फोटो काढू. वर्षालीला माझ्याकडून शाबासकी दे, अजून कुरिअरने पाठवता येत नाही म्हणून तोंडीच.

विजयश्री


२३ जानेवारी २०२५
हँगर

ताई,

या खोक्यात वर्षालीच्या विमानातलं पॅनेल आहे.

गेल्या आठवड्यात ती एकटी लांबच्या फेरीवरून परत येत होती. आधीच्या आकड्यावरच्या माणसाचा निरोप घेता घेता तिने आमच्या धावपट्टीचा आकडा लावला. बटण सुटलं नव्हतं बहुतेक. पॅनेलवर आमचा आकडा आला. ती बोलत राहिली, येतेय, येतेय, उतरतेय. आम्हाला काहीच ऐकू आलं नाही. तिला वाटलं, खाली कुणी चहाला गेलं असेल, दुपारी तसं होतं इथे. वर एक फेरी मारून पाहिली, मग उतरली. समोर धावपट्टीवर दुसरं विमान उडायला उभं होतं. तिने शेवटच्या क्षणी वळवलं, बाहेर चारीत गेली. दुसऱ्याला धक्का लागला नाही. तिचा खांदा मोडलाय आणि कपाळावर टाके आहेत. जिवावरचं खांद्यावर गेलं.

मी पहिली पोचले. आत बसून ती पॅनेलकडे बोट दाखवत होती. "दीदी, बघा ना, आकडा बरोबर आहे. मी बरोबर लावलाय. मग कुणी का बोललं नाही?" तेवढ्यात आग लागू नये म्हणून कुणीतरी वीज बंद केली. करायलाच हवी होती.

चौकशीला साहेब लोक बसले. त्यांनी वीज चालू केली तर पॅनेलने सगळे आकडे रेडिओला पुन्हा पाठवले आणि सगळं जुळलं. पॅनेल ठीक, रेडिओ ठीक. म्हणजे राहिलं कोण? मी सांगितलं, हातापाया पडून सांगितलं, करून दाखवते म्हटलं, तर कॅप्टन साहेब म्हणाले, मागे दाखवलंस तेव्हा बरोबरच लागला होता. ते म्हणाले, "कंपनी तपासून काय ते लिहून देईल." सगळं तुमच्या कागदावर अडलंय. दोष आहे म्हणून आलं तर पोरगी सुटेल. नाही आलं तर तिने चुकीचा आकडा लावला असंच ठरणार आणि तिचं उडणं संपणार.

बंद करून चालू करायचं मी तिला शिकवलं होतं. ती म्हणते, आकडा बरोबर दिसत होता, मग कशाला बंद करू?

ताई, तू खरं ते लिही. तुझ्याशिवाय कुणी नाही.

उझ्मा


१७ फेब्रुवारी २०२५
भोसरी

उझ्मा,

पॅनेल हातात घेतलं तर कडेला मातीच होती. चारीतली असेल. मी ती पुसली नाही.

टेबलावर लावलं. पास. पुन्हा लावलं, पास. मी त्या कॉम्प्युटरला शिव्या घातल्या, अंबाजोगाईच्या ठेवणीतल्या. आजूबाजूच्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. खरा रेडिओ आलेला नाही. नवा प्रोग्रॅमवालाही आलेला नाही. जानेवारी कधीच गेला.

तरी मी अहवालात लिहिलं: रेडिओ बोलत असताना पाठवलेला हुकूम वाया जातो, पॅनेल उत्तर वाचत नाही, पोरीची चूक नाही. आणि बबनरावांपुढे ठेवलं. त्यांनी वाचलं, चष्मा काढला, पुन्हा लावला. म्हणाले, "पोरीला लई लागलंय का गं?" मी म्हटलं, खांदा मोडलाय. त्यांनी खिशातलं पेन काढलं. मला वाटलं, आता सही करतात. मग म्हणाले, "विजे, ह्यो कागुद गेला तर म्या जेलात जाईन. मशीन काय म्हनतंय तेवडंच लिव्ह." म्हटलं, मशीन खोटं आहे. "आसंल. पर आपल्याकडं दुसरं हाय का?" मी म्हटलं, मी सही करणार नाही. "नको करूस," म्हणाले, आणि स्वतःच सही ठोकली. 'दोष आढळला नाही.' माझा कागद त्यांनी फाडला नाही, घडी घालून खिशात ठेवला. फाडला असता तर मी तिथेच नोकरी सोडली असती, असं मी समाधानला म्हणाले. तो म्हणाला, "नसतीस सोडली." खरंच आहे ते. दुसऱ्या दिवशी मी कामावर गेले.

प्रज्वललाही फोन केला, म्हटलं, तू एवढं लिहून दे. त्याने "उद्या सांगतो ताई" म्हटलं. आता उचलत नाही.

पोरीला वाचवता येईल असं माझ्या हातात काही उरलेलं नाही. हे लिहायला मन धजत नव्हतं म्हणून उशीर झाला.

एक केलं. वर्षालीला घरी आणल्याचं तू मधे आणखी एका खोक्यात चिठ्ठी घालून कळवलंस, म्हणून परवा सुट्टीला सांगवीला गेले. गल्लीच्या तोंडापर्यंत गेले. पुढे पाय उचलेना. कुठल्या तोंडाने सांगणार होते, की मी त्या पॅनेलवाली? तिच्या आईने दारातून हाकललं असतं तर ते योग्यच होतं. पुलावरून परत आले.

म्हणून सोबत तिच्यासाठी एक चिठ्ठी ठेवतेय. तू ईदला येशील तेव्हा तिच्या हातात दे. त्यात एकच गोष्ट लिहिलीय: 'आकडा तू बरोबर लावला होतास. वर्षाली, हे वाक्य तुमच्या पद्धतीने मला उलट लिहून पाठव.' साहेब लोकांचं काही बदलत नाही, पण पोरीच्या मनात तरी बरोबर आकडा राहू दे. तिने लिहून पाठवलं की मी समजेन, पोचलं.

विजयश्री


२ एप्रिल २०२५
तुमच्या गेटजवळ, भोसरी

ताई,

हे खोक्यातून येत नाहीये. खोकी आता येणार नाहीत. स्कूलने तुमची सगळी पॅनेलं काढली. कारण काय म्हणून विचारशील तर दुसऱ्या कुणाचं स्वस्त मिळालं. मला वाटलं होतं, वर्षालीमुळे काढतील.

तुझ्या गेटवर उभी आहे. वॉचमन म्हणतो, शिफ्ट सुटेपर्यंत कुणाला बाहेर सोडत नाहीत, आणि माझी गाडी संध्याकाळची आहे. आतून सोल्डरचा वास येतोय. तू पंचवीस पावलांवर असशील. म्हणून त्याच्याच पॅडवर लिहून देतेय. त्याला शिरखुर्म्याचा डबाही दिलाय, तुझ्यासाठी. त्याने खाल्ला नाही तर मिळेल.

सांगवीला गेले होते. वर्षाली बरी आहे. खांदा वर होतो, पूर्ण नाही. चौकशीत तिचीच चूक ठरली, आता एका दवाखान्यात रिसेप्शनला बसते, तिच्या आईच्या ओळखीने. उडण्याबद्दल मी विचारलं नाही, तिने काढलं नाही. बडबड कमी झालीय. तिने मला खिमा आणायला का विसरलात असं नाही विचारलं, तेवढं मला लागलं.

पण तुझी चिठ्ठी तिने वाचली हं! दोनदा वाचली. मग आत जाऊन उत्तर लिहून आणलं, घडी घालून दिलं. मी उघडलेलं नाही, ते तुमच्या दोघींतलं. पण ती लिहून आली तेव्हा चेहरा शांत होता. तुझं काम झालं असं वाटतं ताई. मला फार बरं वाटलं. सोबत जोडते.

भिंत बघून आले. रंगवलीय आता.

तुझी,
उझ्मा


(सोबतची घडी)

आदरणीय विजयश्रीताई,

तुमचा निरोप मिळाला. उलट सांगते: आकडा मी बरोबर लावला होता, असं तुमचं म्हणणं आहे.

मला आधी तसंच आठवत होतं. पण सगळ्यांनी इतक्या वेळा विचारलं की आता नीट आठवत नाही. मी घाईत दुसराच लावला असेल. साहेबांनी मशीनवर बघितलं, मशीनला सगळं ठीकच दिसलं ना.

माझ्यामुळे तुमच्या कंपनीची सगळी पॅनेलं काढून टाकली, असं कळलं. तुम्हाला साहेब रागावले असतील. माफ करा.

वर्षाली